काठावरून केलेलं भाषण

मागच्या नोव्हेंबरात देवास जिल्ह्यातल्या टोंक खुर्द तहसिलीत एका शेततळ्याच्या काठावर उभं राहून मी पंधरा-वीस माणसांसमोर भाषण केलं. चार-पाच वाक्यंच होती, पण आवाज वर्गातला होता आणि सगळे गप्प झाले. मी म्हणाले, "ज्या देवासला आगगाडीनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथल्या तळ्यावर तुम्ही खेळणी घेऊन आलात. पाणी ही खेळायची गोष्ट नाही. इथे एकेका घागरीसाठी बायका रात्र रात्र बसल्या आहेत."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी ते भाषण खोटं होतं. हे मला दोन तासांनी कळलं, आणि तेव्हापासून ते लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाही.

दिवाळीनंतर आमच्या घरातली माणसं एक दिवस कुठेतरी एकत्र जेवतात. धारहून माझा भाऊ-वहिनी, इंदूरहून नणंद, पुण्याहून भाचा. या वेळी भाच्यानंच ठरवलं की दिवस पाण्यावर घालवायचा. यजमानांच्या एका शेतकरी मित्राचं मोठं तळं आहे, पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेलं. मित्रानं एका शब्दात होकार दिला. एक छोटी होडी तळ्यावर होतीच, मासळीच्या कामाची. भाच्यानं दोन मोठ्या पाठपिशव्या आणल्या होत्या, त्यांतून गुंडाळलेलं, रबरासारखं काहीतरी निघालं. पायाजवळ पंप ठेवून दोन्ही हातांनी हवा भरता भरता तो घामाघूम झाला. वरचा आणि खालचा थर आतून हजारो धाग्यांनी बांधलेला असतो, त्यामुळे ते गादीसारखं गोल फुगत नाही, पाटासारखं सपाट आणि ताठ होतं. साडेदहा फूट लांब, अडीच फुटांहून थोडं रुंद. मागच्या टोकाला खालून माशाच्या परासारखं पातं, घोट्याला बांधायची दोरी, आणि आपल्या उंचीहून वीतभर लांब वल्हं. या फळीवर उभं राहायचं आणि वल्हवत जायचं. हवाई बेटांवर वाइकीकीच्या किनाऱ्याला लाटांवरची फळी शिकवणारे लोक असे वल्हं घेऊन उभे राहत, म्हणजे पाण्यातले शिकाऊ नजरेच्या टप्प्यात राहायचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते जगभर पसरलं. आपल्याकडे तमिळनाडू-कर्नाटकच्या किनाऱ्यावर आणि गोव्याच्या खाड्यांमध्ये त्याचे चांगले शिकवणारे आहेत. भाचा पवनेच्या जलाशयावर शिकला.

हे सगळं तो मला उत्साहानं सांगत होता, आणि मी भाषणाची जुळवाजुळव करत होते.

1990 साली मी सत्तावीस वर्षांची होते. लग्न होऊन देवासला आले तेव्हा गाव वाढत होतं. नोटांचा छापखाना, कारखाने, नव्या वसाहती. जुने तलाव बुजवून त्यांवर घरं आणि कारखाने उभे राहिले, आणि जमिनीखालचं पाणी नलकूपांनी ओढून संपवलं. शेवटी इंदूरहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या 1993 सालच्या पुस्तकात देवासची ही हकीकत आली आहे. मला ती पुस्तकातून कळायची गरज नव्हती. कडेवर दोन वर्षांचा मुलगा आणि हातात बादली घेऊन मी टँकरच्या रांगेत उभी राहिले आहे. भांडी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला, असा हिशोब कित्येक वर्षं घरात चालला. आजही नळ गळताना ऐकला तर मला झोप लागत नाही. हे सगळं खरं आहे. म्हणूनच ते मला इतकं उपयोगी पडलं.

माझं बोलून झाल्यावर तळ्याचे मालक, आमचे मित्र, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मालवीत, अगदी हळू आवाजात, त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मराठीत असं: "भाभीजी, आमचा नलकूप पाचशे फुटांवर गेला होता, तोही आटला. 2006 मध्ये कलेक्टर उमाकांत उमराव गावोगाव फिरून म्हणायला लागले की पाणी जमिनीच्या पोटात शोधू नका, पाऊस पडतो तो शेतात धरा. जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. माझे वडील तयार होईनात. अशी काळी माती खणून टाकायची म्हटल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. खणताना बांधावर बसून रडले. पहिल्या पावसात तळं भरलं तेव्हा गावातली पोरं कपड्यांसकट धडाधड उड्या मारायला लागली. मला वाटलं आता बापू काठी घेऊन उठतात. ते उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत बघत बसले. दुसऱ्या दिवशी पोरं आली नाहीत, तर त्यांनी निरोप पाठवला."

देवास जिल्ह्यात अशा तळ्यांना रेवा सागर म्हणतात आणि ती खणणाऱ्यांना भगीरथ कृषक. ही मोहीम मला माहीत होती. वर्गात मी ती शिकवलीही आहे, रेल्वेच्या पाण्यानंतरचा धडा म्हणून. पण त्या धड्यात उड्या मारणारी पोरं कधी नव्हती. ज्या म्हाताऱ्यानं आपली माती देऊन ते पाणी मिळवलं त्याला खेळ चालत होता, आणि मला चालत नव्हता. मग माझा राग नक्की कशाचा होता?

मी भावाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्याला माहीत होतं. आम्ही एकाच घरात वाढलो.

धारला साडेबारा तलाव आहेत असं तिथे लहानपणापासून ऐकायला मिळतं. मुंज राजाच्या नावाचा तलाव आहे, आणि भोपाळचा मोठा तलाव बांधणारा भोजही आमच्याच धारचा, याचा शाळेत फार अभिमान सांगत. आमच्या घराजवळच्या तलावाला पायऱ्या होत्या. आजीचा नियम होता की शेवटच्या कोरड्या पायरीच्या खाली पाय ठेवायचा नाही. का, ते तिनं सांगितलं नाही. आता मला थोडं कळतं. तिच्या पिढीत बाईनं 'विहीर जवळ केली' या तीन शब्दांत एखादं आयुष्य संपलेलं असे. पोहता न येणाऱ्या बाईच्या वाट्याला पाणी दोनच रूपांत येई, डोक्यावरच्या घागरीत किंवा त्या विहिरीत. तिसरं रूप आजीनं पाहिलंच नव्हतं.

पण मी पाहिलं होतं, आणि इथेच मला स्वतःला माफ करता येत नाही. हिवाळ्यात त्या तलावात शिंगाडे निघत. ते काढणारी माणसं दिवसभर पाण्यात असत, आणि त्यांची मुलं दुपारी पायऱ्यांवरून सूर मारत. त्यांच्यात माझ्या वयाची एक मुलगी होती. एकदा तिनं पाण्यातून मला हाक मारली, "ये, शिकवते. पाय हलवत राहायचं, बस." मी नऊ-दहा वर्षांची असेन. मी म्हणाले, "आमच्यात पाण्यात उतरत नाहीत." भीती वाटते असं म्हणाले नाही. भीती वाटतच होती, पोटात गोळा आला होता, पण त्या एका शब्दानं, 'आमच्यात', मी भित्री न राहता वरची झाले. तिनं पुन्हा कधी बोलावलं नाही. शिंगाडे मात्र आम्ही त्यांच्याचकडून घेत असू, उकडून, मीठ लावून.

ती युक्ती मला फार सोपी वाटली असावी, कारण पुढे आयुष्यभर मी तीच वापरली. शब्द तेवढे बदलले. नऊ वर्षांची असताना जात होती, सासरी आल्यावर घरंदाजपणा झाला, नोकरीत शिस्त, आणि 1990 नंतर दुष्काळ. दुष्काळाइतकं भक्कम कारण दुसरं कुठलं मिळणार? त्याच्यापुढे कोण बोलणार?

शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. दर दोन वर्षांनी मुलींना मांडूला न्यायचे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधल्या जहाज महालात उभी राहून गियासुद्दीन खिलजीच्या चैनीबद्दल नापसंतीनं बोलायचे आणि हौदाच्या काठावर कुणाला बसू द्यायचे नाही. महेश्वरला गेलो तर नर्मदेत नावेतून फेरी नाही, घाटावरूनच नमस्कार. एका वर्षी एक मुलगी नावेसाठी रडली. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, तुला काही झालं तर तुझ्या आईला तोंड कोण दाखवणार? 2005 च्या एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यात धाराजीच्या घाटावर, भूतडी अमावस्येच्या यात्रेत, धरणाचं पाणी अचानक वाढलं आणि स्नानाला आलेली कितीतरी माणसं वाहून गेली. त्यानंतर तर मला विचारणारंच कुणी उरलं नाही. धाराजीचं दुःख खरं होतं. मी ते माझ्या कामाला लावलं. माझ्या हाताखालून गेलेल्या इतक्या मुलींपैकी एकीलाही मी म्हणाले नाही की पोहायला शीक, म्हणजे वाचशील.

हे सगळं त्या काठावर इतकं सुसंगत सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच झालं की भाषणानंतरच्या शांततेत माझ्या तोंडून निघालं, "मला भीती वाटते." भाचा म्हणाला, "आत्या, तुला? माहीतच नव्हतं." बासष्ट वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले होते.

तळ्याची आणि मासळीची राखण करणारे एक गृहस्थ तिथे होते, पन्नाशीचे, नर्मदाकाठच्या मासेमार वस्तीतले. सकाळपासून ते त्या फळीकडे संशयानं पाहत होते. भाच्यानं त्यांना चढवलं तेव्हा क्षणभर हलले आणि मग असे उभे राहिले की जणू जमिनीवरच आहेत. मला जायचंय म्हटल्यावर ते कमरेपर्यंत पाण्यात उतरले आणि त्यांनी हात पुढे केला.

इथे मी थांबले. फार तर दोन श्वासांइतकी. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण त्यांच्या आलं असावं, कारण त्यांनी हात मागे घेऊन वल्ह्याचा दांडा पुढे केला. मी तो धरला आणि उतरले. शेततळ्याचा उतार काळ्या मातीचा, साबणासारखा निसरडा. तिथे गाठी मारलेला दोर बांधला होता. लाइफ जॅकेट सगळ्यांना होतं, आणि एकेकानंच जायचं ठरलं होतं. या बाबतीत मी आजही कडक आहे. अशा तळ्यांत दरवर्षी मुलं जातात, आणि दोर-जॅकेटशिवाय तिथे कुणीही उतरू नये.

मी फळीवर गुडघे टेकून बसले. मधोमध एक मूठ असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे. भाचा काठावरून सूचना देत होता. ते गृहस्थ म्हणाले, "भैया, आधी पडायला शिकवा." मग मला म्हणाले, "दीदी, पडायचंच आहे. ते आधी उरकून घ्या. फळीवर पडू नका, मोकळ्या पाण्यात पडा. मी इथे आहे."

मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. किती, सांगता येणार नाही. पाण्याचा वास येत होता, ओल्या मातीचा आणि शेवाळाचा. पलीकडच्या काठाला बदकं होती. जेवणाची पातेली मांडल्याचा आवाज येत होता. तळवे ओले होते आणि मी मनात 'आमच्यात, आमच्यात' असं काहीतरी घोकत होते. मग मी उजवीकडे झुकले. ठरवून झुकले की हात सटकला, ते आजही नक्की सांगता येत नाही.

आधी आवाज गेला. पाणी वरच्या वितीत कोमट आणि खाली थंड होतं. नाकात गेलं, कपाळात कळ आली. पाय खाली टेकायला गेले, आणि खाली काहीच नव्हतं. तोच तो क्षण, ज्याला मी पन्नास वर्षं घाबरत आले होते. खाली काहीच नाही. आणि मग काही केलं नाही तरी मी वर आले. जॅकेटनं आणलं, पाण्यानं आणलं. डोकं बाहेर निघालं तेव्हा फळी हातभर अंतरावर होती, घोट्याच्या दोरीनं बांधलेली, कुठेही न गेलेली. भाचा सांगतो की सगळं मिळून चार-पाच सेकंद झाले.

मी रडत होते. सगळ्यांना वाटलं, घाबरले. मी त्या मुलीला दिलेल्या उत्तरासाठी रडत होते.

या वेळी त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. त्यांचा तळवा जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरलेला होता. त्यांनी मला वर चढवलं, पुन्हा गुडघ्यांवर. मग एक पाऊल, मग दुसरं, मुठीच्या दोन्ही बाजूंना, खांद्याइतक्या अंतरावर. "खाली बघू नका," भाचा ओरडला, "समोरचा बांध बघा." वल्हं मी उलटं धरलं होतं. त्याचं पातं पुढे कललेलं असायला हवं आणि माझी समजूत नेमकी विरुद्ध होती. ते सुलट केलं. गुडघे थरथरत होते, फळी त्या थरथरीला उत्तर देत होती, आणि मी जितकी ताठ होत होते तितकी ती जास्त हलत होती. गुडघे सैल सोडले, तशी ती शांत झाली. एकदा वल्हं ओढलं. पाणी जड लागलं, चांगलं जड, भिजवलेल्या कणकेसारखं. फळी पुढे गेली. दुसऱ्या बाजूनं ओढलं. पुन्हा गेली.

तळ्याच्या मध्यावर पोचायला दहा मिनिटं लागली असतील. तिथे मी वल्हवणं थांबवलं. टँकरच्या रांगेतली बाई म्हणून मी पाणी नेहमी भांड्यात पाहिलं आहे: किती उरलं, किती पुरेल. तिथे पहिल्यांदा ते मोजता आलं नाही. पायाखाली मागच्या चार महिन्यांचा पाऊस होता, त्या म्हाताऱ्या बापूंच्या मातीत साठलेला, थोड्या दिवसांनी गव्हा-हरभऱ्याला जाणारा. त्याच्यावर मी उभी होते म्हणून तो एक थेंबही कमी झाला नव्हता. मला फार आनंद झाला. तो शब्द लिहायलाही मला थोडं थांबावं लागतं आहे, पण दुसरा कुठला नाही. बदकं उडाली नाहीत, जरा बाजूला सरकली.

परत येताना मी आणखी दोनदा पडले.

संध्याकाळी सगळे आवरत असताना त्या गृहस्थांशी बोलत बसले. त्यांना मी कावेरी ढीमरबद्दल विचारलं, नाव ऐकलंय का? सिहोर जिल्ह्यातली, वडिलांबरोबर इंदिरा सागर धरणात मासे धरणारी ही मुलगी भोपाळच्या जलक्रीडा अकादमीत गेली आणि कनू नावाच्या होडीच्या शर्यतीत देशासाठी खेळली. त्यांनी ऐकलं होतं, अर्थातच. ती बातमी मी वाचली तेव्हा काय म्हणाले होते ते मात्र त्यांना सांगितलं नाही, इथे सांगते. मी यजमानांना म्हणाले होते, "त्या लोकांच्या रक्तातच असतं पाणी." मला ते कौतुक वाटलं होतं. पहाटेच्या थंडीत तिनं ओढलेली जाळी आणि नंतर तासन् तास मारलेली वल्ही, सगळी मेहनत मी एका वाक्यात रक्ताच्या नावावर जमा करून टाकली होती. आणि मला येत नाही त्याचाही दोष रक्तावरच.

भाच्यानं एक फळी आमच्याकडे ठेवली आहे. जानेवारीपासून मी आठवड्यातून तीनदा पोहायला शिकते, बायकांच्या वेळेत. माझ्याच वर्गात बसलेली एक मुलगी, आता चाळिशीची, माझ्याबरोबर शिकते. महेश्वरला रडलेली ती नव्हे. तिचा पत्ता मला सापडलेला नाही. सापडला तर काय लिहायचं, तेही अजून ठरलेलं नाही.

डिसेंबरात धारला गेले होते. तलावाकाठी शिंगाडेवाली बसली होती, माझ्याच वयाची. मी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. पन्नास वर्षांत चेहऱ्याचं काय होतं! विचारायला तोंड उघडलं आणि दर विचारला. अर्धा किलो घेतले. तिनं सोलून एक हातावर ठेवला, पांढरा, गार. तो खात पायऱ्या उतरत शेवटच्या कोरड्या पायरीवर आले. खालची पायरी पाण्याखाली दिसत होती, हिरवी. चपला काढून कडेला ठेवल्या, साडी थोडी वर धरली आणि त्या पायरीवर पाय ठेवला.